गाडी की जमीन

लातूरला ट्यूशनच्या गल्लीकडं वळायच्या चौकात गाडी उभी होती आणि उभ्या उभ्या थरथरली. मी हँडब्रेक ओढला, दार उघडून खाली उतरलो आणि डांबरावर तळहात टेकवला. डांबर उन्हानं तापलेलं होतं. हलत नव्हतं. एवढं कळायला फार वेळ लागत नाही, पण मी हात तसाच ठेवला, कारण पहिला हिसका गेला की दुसरा येतो का ते बघेपर्यंत हात उचलायचा नाही, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. मागं रिक्षा होत्या, पाठीला दप्तरं लावलेली सायकलवरची पोरं होती. कुणीतरी हॉर्न दाबून धरला. लूनावरचा एक माणूस माझ्या बाजूनं गाडी काढत म्हणाला, "काका, दात पडला का?" पोरं हसली. मी उठलो, हात पँटला पुसला. इंजिन चालूच होतं आणि गाडीचं नाक अजून थरथरत होतं. म्हणजे गाडी होती, जमीन नव्हती. मी आत बसलो आणि डावीकडं बघून म्हणालो, "गाडी हाय." डाव्या सीटवर डबा होता, वरून नॅपकिन बांधलेला. पोरीचा.

हे डाव्या सीटला सांगायची सवय महानंदामुळं लागली. महानंदा माझी बायको. मागच्या वर्षी काविळीनं गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॉलनीतल्या विहारात पुण्यानुमोदन झालं, लोक आले, तिच्या कामाबद्दल चार माणसं चांगलं बोलली, मग खुर्च्या परत नेऊन दिल्या. तिचं माहेर औसा तालुक्यात. भूकंपात गाव बसलं तेव्हा ती नांदेडला माझ्याजवळ होती, म्हणून राहिली. आई-वडील माळवदाखाली गेले. भाऊ केरबा गणपती बुडवून आला होता आणि घरात न जाता पारावरच झोपला होता, म्हणून तोही राहिला. नांदेडलाही त्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजली होती. आम्ही दोघं जागे झालो, मी म्हणालो मांजर असेल, आणि झोपलो. पुढं पुष्कळ दिवस ती भांडी वाजल्याचीच गोष्ट करायची. माझ्या मांजराचं तिनं कधी नाव काढलं नाही. तेव्हापासून ती उशाशी स्टीलचे पेले एकावर एक पालथे रचून ठेवायची. त्या वेळी सगळेच ठेवायचे. जमीन हलली की पेले आधी पडतात, माणसाला उठायला वेळ मिळतो. बाकीच्यांनी सोडून दिलं. तिचे पेले राहिले. पण पेल्यांवरही तिचा पुरता भरवसा नव्हता, आणि छताखाली तर ती झोपेचना. थंडी सुरू झाली, पोरगी लहान होती, दोघी अंगणात कुडकुडायच्या. मग मी ही गाडी घेतली. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनानं गाडी घेतली म्हणून ऑफिसात चर्चा झाली. मी गाडी फिरायला घेतली नव्हती. जिचं छत अंगावर पडलं तरी माणूस मरणार नाही अशी एक खोली मला पाहिजे होती. गाडी बिनभिंतीच्या मोकळ्या जागेत लावायची, काचा थोड्या खाली ठेवायच्या. मागच्या सीटवर बुद्धप्रिया, आमची पोरगी. पुढं डाव्या सीटवर महानंदा, सीट पार मागं सरकवून, पाठ पाडून. मी बाहेर बाजेवर. सकाळी ती सीट पुन्हा पुढं ओढायची, पाठ उभी करायची, पदर नीट करायची आणि घरात स्वयंपाकाला जायची. स्वयंपाकाला छत चालायचं. जागं असताना छत चालतं, असं ती म्हणायची.

तिला गाडी चालवता येत नव्हती. शिक म्हणालो तर म्हणायची, दोघांनी चालवल्यावर ऐकायचं कुणी. ती ऐकायची. प्रवासाला निघालो की पायांत पाण्याची लोटी धरायची आणि रस्त्याकडं न बघता लोटीतल्या पाण्याकडं बघायची. रस्त्याचे खड्डे पाण्यात कसे दिसतात ते तिला पाठ झालं होतं. त्याहून वेगळं काही दिसलं की, "अहो, थांबवा." मग उतरून हात जमिनीला. जमीन नसली तर गाडी. गाडी असली तर काय, तेही तिनं हळूहळू ओळखायला घेतलं. तिला पुर्ज्यांची नावं माहीत नव्हती. ब्रेकमध्ये लोखंड लोखंडाला घासायला लागलं तेव्हा म्हणाली, जात्यात खडा आलाय. क्लच जळायला लागला तेव्हा म्हणाली, तव्यावर फडकं राहिलंय. एकदा इस्लापूरला धबधबा बघायला चाललो होतो, तेव्हा मधेच नाक वर करून म्हणाली, "कुणाचा तरी पाक लागून राहिलाय." मला कसलाच वास येत नव्हता. थांबून बॉनेट उघडलं तर रेडिएटरचं हिरवं पाणी गरम इंजिनावर थेंब थेंब पडत होतं, आणि खरंच गुळाच्या पाकासारखा वास होता. तेव्हा तिनं मला पक्कं सांगून ठेवलं, "हा वास आला की आहे तिथं थांबायचं. पोचायचं बघू नका." पोचायचं बघू नका हे ती पुष्कळ बाबतींत म्हणायची. धबधबा त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

आणि ती चुकायचीही. औशाच्या रस्त्यावर एकदा गाडी अशी हलायला लागली की लोटीतलं पाणी तिच्या पायांवर सांडलं. आम्ही तिघं उतरलो आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं हात टेकून बसलो, पोरगी मधे. मागून एसटी आली. ड्रायव्हरनं आम्हाला बघून करकचून ब्रेक मारला. त्या भागात तेव्हा कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. पाहता पाहता बस रिकामी झाली, म्हाताऱ्या खिडकीतून उतरवल्या, आणि चाळीस-पन्नास माणसं रस्त्याकडेच्या काळ्या मातीवर हात ठेवून गप्प बसली. एक पोरगं रडत होतं, त्याच्या तोंडावर आईनं हात धरला, जमिनीचं ऐकू यावं म्हणून. पुष्कळ वेळानं कंडक्टर उठला, आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बाई, टायरला फुगा आलाय. आधी टायर बघायचा असतो." महानंदा हात झटकत उठली. म्हणाली, "मग तुम्ही कामून उतरले?" लोक हसत हसत बसमध्ये चढले, पण चढायच्या आधी एक-दोघांनी पुन्हा हात टेकवून बघितला. मी जॅक लावत होतो, म्हणून मला ते खालून दिसलं.

चौकातून निघून मी त्या रविवारी हॉस्टेलसमोरच्या लिंबाखाली गाडी लावली. बुद्धप्रिया बारावीला होती. दहावीला तिला बरे मार्क पडले तेव्हा सगळ्यांनी लातूर म्हणूनच सांगितलं. तेव्हा नांदेडचं, उमरीचं, मुदखेडचं, हुशार म्हणून नाव निघालेलं प्रत्येक पोरगं लातूरला जात होतं, आणि भूकंपानंतर ज्या जिल्ह्यातून लोक बाहेर पळत होते त्याच जिल्ह्यात आता खोल्या मिळत नव्हत्या. जिकडं बघावं तिकडं मजल्यावर मजला चढत होता. पोरीला तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. आई असेपर्यंत ती कशी झोपत होती मला माहीत नाही. आई गेल्यावर झोपेना. हे मला तिनं सांगितलं नाही, हॉस्टेल सांभाळणाऱ्या रत्नम्मांनी सांगितलं. त्या उदगीरकडच्या, कानडी हेल होता बोलण्यात. म्हणाल्या, "रात्रभर खाली जिन्यावर बसती की हो पोरगी. पुस्तक मांडीवर असतंय, पर पान उलटत न्हाई. सकाळी क्लासात डुलक्या. मी काय मारू का तिला? परीक्षा तोंडावर आली. असंच ऱ्हायलं तर घेऊन जावा, माझ्या डोक्याला ताप नको." आत खुर्चीवर पोरगी बसली होती, तिनं मान वर केली नाही. बाहेर आल्यावर ती गाडीत बसली, मागं, तिच्या जागेवर. डबा उघडला नाही. म्हणाली, "पप्पा, दोन मिनिटं आडवी होते." आणि झोपली ती ऊन उतरेपर्यंत. मी लिंबाच्या बुंध्याला टेकून बसलो. त्यानंतर दर रविवारी हेच. मी नांदेडहून निघायचो, गाडी लिंबाखाली लावायचो, काचा थोड्या खाली करायचो, ती मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. आता त्या सीटवर ती मावत नव्हती. रत्नम्मा एकदा गॅलरीतून म्हणाल्या, "नांदेडाहून पलंग घेऊन येतावं की तुम्ही." पण त्या एका झोपेवर तिचे पुढचे चार-पाच दिवस निघायचे, वाचलेलं डोक्यात राहायचं, हे त्यांनाही दिसत होतं. घेऊन जावा हे त्या पुढं बोलल्या नाहीत. परीक्षेपर्यंत गाडी चालली पाहिजे, एवढाच माझा हिशेब होता. बाकी कशाचा मी त्या दिवसांत विचार करत नव्हतो.

केरबाचं म्हणणं वेगळं. तो नांदेडला आला की आधी गाडीभोवती फिरायचा. "दाजी, विका ही. देगलूरचं गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. बसनं जात जावा. एकटा मानूस, गाडी कशाला सांभाळता?" मी म्हणालो, "पोरगी झोपती तिच्यात." तो म्हणाला, "पोरीला कवातरी खोलीत झोपावंच लागंल का न्हाई? मी झोपतोच की. शासनानं बांधून दिलेल्या घरात झोपतो." मी विचारलं, "आत झोपतो का?" केरबानं टायरला पाय लावून बघितला. मग म्हणाला, "पावसाळ्यात." आणि आम्ही चहा प्यालो.

चौकातली थरथर जहांगीरनं एका दुपारी काढली. देगलूर नाक्याजवळ त्याचं गॅरेज. महानंदा असल्यापासून गाडी त्याच्याकडंच. इंजिन ज्या रबरी गोट्यांवर बसतं त्यातली एक फाटली होती. नवी बसवली, गाडी गप झाली. आणि गाडी गप झाल्यावर तो दुसरा आवाज मला ऐकू यायला लागला. आधीही असेल. थरथरीखाली झाकलेला असेल. डावीकडून यायचा, खालून. खट. मग थोडं थांबून, खट खट. खड्डा आला की जास्त. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. जहांगीर म्हणाला, "चला, चक्कर मारू," आणि तंबाखू मळत डाव्या सीटवर बसला. मी नाक्यापासून पुलापर्यंत नेली, खड्डे शोधून शोधून नेली. आवाज नाही. "आनंदराजभाऊ, गाडी एकदम खामोश हाय. तुम्हीच बोलून राहिले." मी त्याला गॅरेजवर सोडलं आणि रस्त्याला लागलो, तर खट. परत फिरवली. तो पुन्हा बसला, पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी तो बसता बसता म्हणाला, "भाभी असत्या तर सांगितलं असतं एका मिनिटात. तुमच्या कानांत काही दम न्हाई." हे त्यानं सहज म्हटलं आणि मग त्याला वाटलं बोलायला नको होतं, म्हणून तो काचेवरचा डाग पुसायला लागला. मला वाईट वाटलं नाही. खरंच होतं. माझ्या कानांत काही दम नव्हता. गाडीचं मी कधी ऐकलंच नव्हतं, मला ते कुणीतरी सांगत आलं होतं. आता एखाद्या माणसाला चष्मा लागावा आणि त्याला भिंतीवरचे पोपडे दिसायला लागावेत तसं मला ऐकू यायला लागलं होतं, पण त्यातलं खरं किती आणि माझ्या डोक्यातलं किती हे विचारायला कुणी नव्हतं. पेट्रोलचा वास आला की मी थांबायचो, तो रस्त्यावरचाच असायचा. गाडी डावीकडं ओढते असं वाटायचं, हात सोडून बघितलं की सरळ जायची. सकाळी गाडी काढली की खालच्या फरशीवर वाकून बघायचो, थेंब पडलाय का, पडला असेल तर काळा का हिरवा. धूर निळा का पांढरा हे बघायला इंजिन चालू ठेवून मागं जाऊन उभा राहायचो. शेजारच्या नागुबाई म्हणाल्या, "गाय व्यायला आल्यासारखं करून राहिले भाऊ तुम्ही."

त्या आवाजाचं मला ऑफिसला जाताना कळलं. ठरवून काही केलं नाही. वळण घेताना तोल जाऊ नये म्हणून डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर पडला, आणि आवाज बंद झाला. हात काढला, खट. पुन्हा ठेवला, बंद. गिअर टाकायला हात काढावा लागायचा तेवढ्यात खट खट, मग पुन्हा हात ठेवला की शांत. मी ऑफिसच्या फाटकावरून पुढं निघून गेलो आणि बराच वेळ तसाच चालवत राहिलो. सीट रिकामी होती म्हणून वाजत होती. जहांगीर बसला की ती रिकामी राहायची नाही. रविवारी डबा असायचा, पण डब्याला वजन किती असणार. इतकं साधं होतं ते, आणि मला एकदम हसूही आलं. वर्षभर मी तिच्या फोटोसमोर कधी काही बोललो नव्हतो. लोक बोलतात, मला जमलं नाही. आणि इकडं डाव्या हाताला हे रोज माझ्याशी चाललेलं होतं.

जहांगीरला सांगितलं तेव्हा तो सीटखाली बॅटरी घेऊन आडवा झाला. खालूनच म्हणाला, "हां, रेल घासली हिची. सीट ज्याच्यावर सरकती ती पट्टी. कुणीतरी लई मागं-पुढं केलेली हाय. एवढी तर टॅक्सीची बी घासत न्हाई." बाहेर आला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "भाभी?" मी म्हणालो, "झोपायची." तो हात पुसत उभा राहिला. मग म्हणाला, "नवी रेल टाकू. अर्ध्या तासाचं काम हाय." मी म्हणालो, "नको." "मग फडकं कोंबतो, वाजायची न्हाई." "नको." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. पोराकरवी चहा मागवला, चहा पिताना त्याच्या थोरल्या पोरीचं, कहकशांचं, लग्न ठरल्याचं सांगितलं. निघताना मात्र बॉनेट उघडून मला वाकवलं. "त्या सीटला वाजू द्या. खटखट करणारी चीज दगा देत न्हाई. पण हे बघा. पाण्याचा पाइप म्हातारा झालाय, इथं चिरा पडून राहिल्या. माझ्याकडं आत्ता न्हाई, मंगळवारी हैदराबादचा माल येतो. तवर लांब नेऊ नका." मी बरं म्हणालो.

रत्नम्मांचा फोन शनिवारी आला, शेजारच्या एसटीडीवर. पोरगी सराव परीक्षेत पेपर कोरा ठेवून डोकं टेकून झोपली होती. सर हॉस्टेलवर येऊन बोलून गेले. "घेऊन जावा तिला आठ दिस. रागानं न्हाई म्हणत मी. जेवत बी न्हाई ती. आठ दिसांनी बघू. न्हाई जमलं तर न्हाई." पुढचं मला कळलं. न्हाई जमलं तर लातूर संपलं, बारावी संपली, तिच्या आईनं गाडीच्या मागच्या सीटवर बसवून तिच्याकडून जे पाढे म्हणवून घेतले होते तेही संपले. मंगळवारची वाट बघता येत नव्हती. मी सकाळी पाण्याची कॅन भरून घेतली आणि निघालो. जाताना इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्याकडं बघत गेलो, काटा मधेच होता.

ती एक कपड्यांची पिशवी आणि एक पोतं घेऊन खाली उतरली. पोत्यात नोट्स होत्या, झेरॉक्स केलेल्या, सुतळीनं बांधलेल्या. रत्नम्मांनी पोत्याला हात लावला आणि म्हणाल्या, "झोप काढ जरा घरी. आणि ये परत." बुद्धप्रिया मागं बसली, पोतं पायांत घेतलं. आम्ही निघालो. ती काचेला डोकं लावून होती, पण डोळे उघडे. चालत्या गाडीत झोपायचं नाही हा तिच्या आईचा नियम होता. चालत्या गाडीत सगळंच हलतं, त्यात जमीन कळत नाही. गाडी उभी असली तर झोपायचं. पोरगी लातूरहून इतक्या वेळा आली-गेली, आरशात मला कायम तिचे डोळे उघडेच दिसले. सीट वाजत होती. खट खट. चाकूर सोडल्यावर ती म्हणाली, "पप्पा, डावीकडून काहीतरी वाजून राहिलंय. गाडी दाखवा." मी म्हणालो, "दाखवली." "मग?" "सीट हाय ती. रिकामी हाय म्हणून वाजती." मी आरशात बघितलं नाही. अहमदपूरला चहाला थांबलो. तिनं अर्धा कप चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही. गाडीत बसायच्या आधी तिनं मागचं पोतं दोन्ही हातांनी उचललं, पुढचं दार उघडलं आणि डाव्या सीटवर ठेवलं. नीट उभं केलं, पाठीला टेकवून. मग स्वतः मागं जाऊन बसली. मी गाडी काढली. गावाबाहेरचा खराब रस्ता लागला, सगळी गाडी आदळली, पण खालून काही आलं नाही. "आता?" ती म्हणाली. मी म्हणालो, "आता न्हाई." "लई जड हाय ते. नुसतं फिजिक्सच अर्धं पोतं हाय." मी म्हणालो, "तुझ्या आईपेक्षा जड असंल." ती पोत्याकडं बघत म्हणाली, "आईला सांगायला पाहिजे होतं. तिला वाटायचं आपण लई जाड झालो." आणि ती हसली. मीही हसलो. हसणं संपल्यावर तिनं नाक पुसलं. मग बाहेर बघत बसली. कापूस वेचून झालेली रानं, दूरवर ज्वारी. पोत्याची सुतळी वाऱ्यानं हलत होती.

लोहा मागं पडलं तेव्हा मी आरशात बघितलं आणि ती झोपली होती. बसल्या जागी कलंडत कलंडत पुरती आडवी झाली होती, एक हात खाली लोंबत होता, गाडीच्या प्रत्येक हिसक्याबरोबर तो हात हलत होता आणि तिला कळत नव्हतं. तोंड थोडं उघडं. मी वेग कमी केला, मग वाटलं वेग बदलला तर उठेल, म्हणून एकाच वेगानं चालवायला लागलो. गोदावरीचा पूल आला, गेला. नांदेडची गर्दी लागली, हॉर्न, रिक्षा, एक लग्नाची वरात. ती उठली नाही. आमच्या कॉलनीचं वळण आलं. वळलो असतो तर गाडी दारात थांबली असती, इंजिन बंद झालं असतं, ती उठली असती, आणि वर छत असतं. मी वळलो नाही. सरळ गेलो आणि मुदखेडच्या रस्त्याला लागलो. तिकडं माझं काही काम नव्हतं. पेट्रोल होतं. ऊन कलायला अवकाश होता. उमरीपर्यंत जाता आलं असतं, तिथून परत. मला कुठंच पोचायचं नव्हतं.

वास आला तेव्हा आधी मला वाटलं शेजारच्या रानात गुऱ्हाळ असेल. मी बाहेर बघितलं. रान मोकळं होतं. पुन्हा आला, गोड, दाट, थोडा करपलेला. काटा मधोमध होता तो वर सरकायला लागला होता. हे पहिल्यांदाच असं झालं, की कुणी सांगायच्या आधी मला कळलं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. थांबलो तर ती उठणार होती. कधी नव्हे ती लागलेली झोप, आणि हे असं. न थांबता अजून थोडं जाता आलं असतं. दहा-पंधरा मिनिटं. मग इंजिन बसलं असतं, कायमचं, आणि रविवारचा पलंग गेला असता. मी काट्याकडं बघत थोडं पुढं गेलो. डावीकडं पोतं होतं, आपलं बसलेलं. आहे तिथं थांबायचं. पोचायचं बघू नका. रस्त्याच्या कडेला एक बाभूळ होती, तिच्या सावलीत मी गाडी घेतली, इतकी हळू की चाकं कधी थांबली ते मलाच कळलं नाही, आणि चावी फिरवली.

एकदम शांत झालं. बॉनेटखाली पाणी फिसफिसत होतं. मी आरशात बघत बसलो. ती हलली, लोंबणारा हात वर घेतला, गालाखाली ठेवला. डोळे उघडले नाहीत. मी बराच वेळ तसाच बसलो, मग दार नुसतं उघडं ठेवून, न लावता, खाली उतरलो. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. वाफ असताना झाकण उघडायचं नाही, हे मला येत होतं. मी खाली बसलो आणि बाभळीच्या मुळाशी मातीवर तळहात टेकवला. माती कोमट होती, बारीक खडे हाताला लागत होते. मी हात तसाच ठेवला, जेवढा ठेवायचा तेवढा, आणि त्याहून थोडा जास्त.

मोटारसायकलवर दुधाचे कॅन लावलेला एक माणूस मुदखेडकडं चालला होता. मला असं बसलेलं बघून थांबला. "काय झालं हो? गाडी तापली काय?" मी हातानं हळू अशी खूण केली. त्यानं इंजिन बंद केलं, मान वाकवून गाडीत बघितलं आणि आवाज खाली आणला. "पोरगी हाय का?"

"हाव."

"मुदखेडात मेकॅनिक हाय वळखीचा. धाडू का?"

"धाडा," मी म्हणालो. "पण घाई न्हाई म्हणावं."